लिबेटचा प्रयोग, दैव आणि 'मी ठरवलं': रविवारच्या चर्चेसाठी मुद्दे हवेत

खानापूरकर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी अभ्यासवर्ग भरतो. निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं, काही शेतकरी, कन्नडमधूनच बोलणारे तिघे-चौघे, अशी पंधरा-वीस माणसं असतात. पुढचा विषय 'माणूस स्वतःच्या इच्छेने वागतो का?' असा आहे आणि प्रास्ताविक माझ्याकडे आहे.

हा विषय निघाला की गाडी कुठे अडते ते सांगतो. मुलं म्हणतात, मेंदू आधी ठरवतो आणि आपल्याला मागाहून कळतं, हे लिबेट नावाच्या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने सिद्ध केलंय. विज्ञान शिकवलेले सर म्हणतात, अणू नियमाने चालतात, आपण अणूंचेच, मग निवड कसली? त्यावर लगेच कुणीतरी क्वांटम काढतं. ज्येष्ठ मंडळी गीतेतलं 'दैवं चैवात्र पञ्चमम्' म्हणून सगळं दैवाच्या पदरात टाकतात. आणि शेवटी 'मग चोराला शिक्षा कशाला?' इथे आवाज चढतात.

मला निकाल नको. यातल्या कुठल्या मुद्द्याचं वजन किती, आणि दोन तासांत चर्चा त्याच त्या जागी फिरत राहू नये म्हणून काय करावं, एवढं सांगा की.

टिळकवाडीकर

लिबेटपुरतं मी सांगतो, कारण हा प्रयोग जितका ऐकीव आहे तितका वाचलेला नाही. मुलांना आधी विचारा, त्याने नेमकं काय मोजलं?

१९८३ सालची गोष्ट. माणूस खुर्चीत बसतो. समोरच्या पडद्यावर प्रकाशाचा एक ठिपका गोल फिरतो, एक फेरी २.५६ सेकंदांत. कडेला घड्याळासारख्या ६० खुणा, म्हणजे दोन खुणांमधलं अंतर साधारण ४३ मिलिसेकंद. वाटेल तेव्हा मनगट हलवायचं, आणि 'आता हलवावं' असं मनात आलं तेव्हा ठिपका कुठे होता ते नंतर सांगायचं. डोक्याला इलेक्ट्रोड, हाताच्या स्नायूला इलेक्ट्रोड. असं ४० वेळा करून सरासरी काढायची. निष्पन्न असं झालं: स्नायू हलण्याच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी मेंदूवरचा विद्युतदाब सरकायला लागतो, आणि 'मनात आलं' ती वेळ मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधीची येते. दाबाच्या या सरकण्याला सज्जता-विभव म्हणतात. ते लिबेटने शोधलेलं नाही, कोर्नहूबर आणि डेके यांनी १९६५ मध्येच नोंदवलं होतं. लिबेटने त्याला घड्याळ जोडलं. आणि खुद्द लिबेटने इच्छास्वातंत्र्य नाकारलेलं नाही! त्याचं म्हणणं होतं की शेवटच्या शंभर-दीडशे मिलिसेकंदांत माणूस 'नको' म्हणून हालचाल थांबवू शकतो.

आता यात काय बिघडतं ते बघा.

घड्याळ हा पहिला कच्चा दुवा. 'मनात आलं' या क्षणाला यंत्राची साक्ष नाही, माणसाचं तोंडी सांगणं आहे. लिबेटने तपासणीसाठी त्वचेवर हलका झटका देऊन त्याची वेळ विचारली, तर तीही सुमारे ५० मिलिसेकंदांनी चुकत होती. पण याच्यावर जास्त वेळ घालवू नका, कारण खरी गोम सरासरीत आहे.

एका वेळच्या नोंदीत हे विभव दिसतच नाही. ते काही मायक्रोव्होल्टचं असतं, आजूबाजूचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट. म्हणून ४० नोंदी एकावर एक ठेवाव्या लागतात, आणि त्या जुळवतात हालचालीच्या क्षणापासून मागे. म्हणजे जिथे हालचाल झाली तेवढेच तुकडे निवडले जातात. २०१२ मध्ये शुर्गर, सिट आणि दहेन यांनी यावरच बोट ठेवलं. मेंदूत आपसूक चढ-उतार चालूच असतात. समोर कुठलंच कारण नसताना 'कधीही हलव' असं सांगितलं, तर चढ-उतार योगायोगाने एका मर्यादेपलीकडे गेला की हात हलतो. अशा क्षणांपासून मागे जाऊन सरासरी काढली की चढती रेघ मिळणारच, तिथे आधी घेतलेला निर्णय असो वा नसो.

हे वर्गात लॅपटॉपवर दाखवता येतं. स्प्रेडशीटमध्ये ४० स्तंभ घ्या, प्रत्येकात ६०० ओळी, एक ओळ म्हणजे ०.०५ सेकंद. पहिल्या ओळीत ०.२२ भरा. पुढचा प्रत्येक आकडा असा: जुना आकडा, अधिक (०.११ वजा ०.५ गुणिले जुना आकडा) गुणिले ०.०५, अधिक ०.०२२४ गुणिले यादृच्छिक संख्या. ही यादृच्छिक संख्या शून्य सरासरीच्या आणि एक प्रमाण विचलनाच्या सामान्य वितरणातली हवी. शून्य ते एकमधली साधी रँडम संख्या घातली तर ती कायम धनच येते, आकडे वरच सरकत राहतात आणि प्रयोग फसतो. मग प्रत्येक स्तंभात ०.४ पहिल्यांदा कुठे ओलांडलं ते शोधा, त्याच्या मागच्या ६० ओळी कापून वेगळ्या ठेवा आणि सगळ्या स्तंभांची सरासरी काढा. जे स्तंभ ०.४ ला पोचलेच नाहीत किंवा पहिल्या ६० ओळींतच पोचले, ते वगळा. कापाकापी करण्याआधी सगळे आकडे 'फक्त किंमती' म्हणून दुसऱ्या पानावर चिकटवा. नाहीतर दर बदलाला यादृच्छिक संख्या नव्याने पडतात आणि हाती काही लागत नाही.

आलेख चढत जाताना दिसेल. आता तेच ४० स्तंभ न कापता, मर्यादा न लावता, सुरुवातीपासून जुळवून सरासरी काढा. रेघ ०.२२ च्या आसपास आडवी राहील. आकडे तेच, फक्त मोजायला सुरुवात कुठून केली ते बदललं. मुलांना व्याख्यानापेक्षा हे पटेल.

आणखी दोन गोष्टी. २००८ मध्ये हेन्स यांच्या गटाने एमआरआय वापरून काही सेकंद आधी 'डावं बटण की उजवं' याचा अंदाज बांधला, ही बातमीही कुणीतरी आणेल. तो अंदाज शंभरात साठच्या घरात बरोबर येत होता, आणि नाणं उडवून पन्नास येतातच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २०१९ मध्ये माओझ आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन सेवाभावी संस्थांतून एक निवडायला लावली. एकदा निवडीने खरंच फरक पडणार होता, निवडलेल्या संस्थेला १००० डॉलर जाणार होते. एकदा काहीही निवडलं तरी दोघींना सारखेच पैसे. फरक न पडणाऱ्या निवडीआधी सज्जता-विभव दिसलं. विचारपूर्वक निवडीआधी ते जवळजवळ दिसलंच नाही. मनगट कधी हलवायचं यावरून मुलीचं लग्न, नोकरी, जमीन विकणं यांच्याबद्दल निष्कर्ष काढण्यात केवढी उडी आहे, ते यातून कळतं.

लोंढा_जंक्शन

भौतिकशास्त्राचा भाग मी घेतो. तीन गोष्टींची नेहमी खिचडी होते. घडणारं आधीच्या स्थितीने आणि नियमांनी ठरलेलं असणं ही एक. ते आपल्याला आधी सांगता येणं ही दुसरी. आणि आपण काहीही केलं तरी तेच होणार, ही तिसरी.

पहिल्या दोहोंतला फरक आपल्या भागातच उभा आहे. कणकुंबीच्या घाटमाथ्यावर पडलेला पाण्याचा थेंब पूर्वेला घसरला तर मलप्रभेतून कूडलसंगमाला कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातो. पश्चिमेला घसरला तर गोव्याच्या बाजूने अरबी समुद्रात. थेंब एकही नियम मोडत नाही. पण ऐन कण्यावर पडणारा थेंब कुठे जाईल हे सांगायला वारा, गवताचं पातं, मातीचा कण, सगळं इतक्या बारकाईने मोजावं लागेल की ते कुणालाही शक्य नाही. 'माझं वागणं कुणी ओळखू शकत नाही, म्हणून मी स्वतंत्र' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. तो थेंबालाही लागू पडतो.

तिसरी गोष्ट म्हणजे निव्वळ दैववाद, आणि ती पहिलीतून निघत नाही. नियमाने चालणाऱ्या जगात तुमचा प्रयत्न हाही कारणसाखळीतला दुवा आहे. औषध घेतलं म्हणून ताप उतरला, तर औषध घेणं वाया गेलं असं होत नाही.

सरांचा युक्तिवाद नीट मांडला तर मात्र तो भक्कम आहे. त्यांना तो असा मांडू द्या. मी जन्मण्यापूर्वीचं जग माझ्या हातात नाही. निसर्गनियम माझ्या हातात नाहीत. माझं आजचं वागणं या दोहोंचा अटळ परिणाम असेल, तर तेही माझ्या हातात नाही. तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इनवॅगन यांनी १९८३ मध्ये याला काटेकोर रूप दिलं. विरोध करायचा तर तीनपैकी कुठल्या पायरीवर, हे बोलणाऱ्याने सांगितलं पाहिजे. तत्त्वज्ञ ह्यूमच्या वाटेने जाणारे 'हातात असणं' याच्या अर्थावर बोट ठेवतात: मी वेगळं ठरवलं असतं तर वेगळं केलं असतं, आणि आड काही आलं नसतं, एवढं पुरे. त्यावर प्रतिप्रश्न येतो, पण वेगळं ठरवणं तरी शक्य होतं का? वाद इथे रंगतो, आणि इथेच वेळ द्यावा.

क्वांटमने सरांच्या युक्तिवादातून सुटका होत नाही. भौतिकशास्त्रज्ञ बेलच्या १९६४ च्या सिद्धांतावर पुढे जे प्रयोग झाले, ज्यांना २०२२ चं नोबेल मिळालं, त्यांतून जगाचं साधं, स्थानिक (म्हणजे दूरच्या गोष्टीचा तत्काळ परिणाम होत नाही असं), आधीच ठरलेलं चित्र बाद होतं हे खरं. पण किरणोत्सारी अणू कुठल्या क्षणी फुटेल हे यदृच्छेवर, म्हणजे निव्वळ योगायोगावर असेल, तर तशाच एखाद्या यदृच्छेने माझ्या मेंदूत 'हो' चं 'नाही' झाल्याने मी जास्त स्वतंत्र होत नाही. ते माझ्याकडून झालं असं म्हणायलाही आधार उरत नाही. नियमाने बांधलेलं असणं ही एक अडचण, यदृच्छा ही दुसरी. एकीवर दुसरीचा उतारा चालत नाही.

एक उदाहरण फळ्यावर जरूर घ्या, मूळ तत्त्वज्ञ लॉकचं आहे, १६९० चं. मी ते लोंढा स्टेशनवर आणतो. प्रतीक्षालयात एकजण जुन्या मित्राशी गप्पा मारत बसलाय, उठायची इच्छाच नाही. बाहेरून कुणीतरी दाराला कडी घातलीय, याला पत्ता नाही. तो आपखुशीने बसलाय का? बहुतेकजण 'हो' म्हणतील. पण बाहेर पडणं तर त्याला शक्यच नव्हतं. मग 'दुसरा पर्याय असणं' ही स्वातंत्र्याची अट आहे की नाही? तत्त्वज्ञ फ्रँकफर्टने १९६९ मध्ये याच धाटणीच्या उदाहरणावरून जबाबदारी आणि पर्याय यांची ताटातूट केली. अर्धा तास याच एका दारावर जाऊ दे, हरकत नाही.

चिकोडीचा_वाचक

ज्येष्ठांच्या श्लोकाबद्दल. 'दैवं चैवात्र पञ्चमम्' हा गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक. त्यात कर्म घडायला पाच कारणं सांगितलीत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, वेगवेगळी करणं म्हणजे इंद्रियं, नाना चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. पाचातलं एक. त्यातही शंकराचार्यांचं भाष्य बघा: इथे दैव म्हणजे डोळा वगैरे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता. नशीब हा अर्थ तिथे नाहीच. पुढे दोनच श्लोकांवर, 'मी एकटाच कर्ता' असं समजणाऱ्याला दुर्मती म्हटलंय. एकट्या कर्त्याचा अहंकार खोडलाय, कर्त्याला यादीतून काढलेलं नाही. आणि त्याच अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात 'यथेच्छसि तथा कुरु' आहे. ज्याला निवड नाही त्याला असं सांगण्यात काय अर्थ?

हाच मुद्दा ब्रह्मसूत्रांत युक्तिवाद म्हणून येतो, दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात: 'कर्ता शास्त्रार्थवत्त्वात्'. जीव कर्ता मानला तरच 'हे कर, हे करू नको' या विधिनिषेधाला अर्थ राहतो. आणि तिथेच थोडं पुढे कर्तृत्व ईश्वराधीन आहे असंही म्हटलंय, आणि लगेच 'कृतप्रयत्नापेक्षस्तु', ईश्वरही जीवाच्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच फळ देतो. म्हणजे परंपरेत हा पेच दडवलेला नाही, उघड्यावर मांडून सोडवायचा प्रयत्न केलाय.

खरा कडवा नियतिवाद हवा असेल तर बुद्धाच्या काळातल्या मक्खली गोसालाकडे जा. बौद्धांच्या दीघ निकायातल्या सामञ्ञफल सुत्तात त्याचं मत आलंय: फेकलेला सुताचा गुंडा संपेपर्यंत उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख सारखेच संसार भोगून दुःखाचा शेवट करतात, प्रयत्नाने त्यात काडीचा फरक पडत नाही. पण ही मांडणी विरोधकांच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत आलीय, हे वर्गात सांगावं.

आपल्या निपाणी-चिकोडी-अथणी पट्ट्यात जैन घरं बरीच आहेत, वर्गातही असतील. त्यांच्याकडून पाच कारणांचा समवाय, म्हणजे एकत्र येणं, समजून घ्या: काळ, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ. जैन आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात म्हटलंय की यातलं एकटं एकच कारण धरणं हे मिथ्यात्व (चुकीची दृष्टी), सगळी मिळून धरणं हे सम्यक्त्व (योग्य दृष्टी). शेतकऱ्यांना हे चटकन कळेल. जुलै-ऑगस्टला लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांशिवाय तोडीला येत नाही, हा काळ. उसाच्या कांडीतून ऊसच येतो, हा स्वभाव. भांगलण, खत, पाण्याची पाळी हा पुरुषार्थ. चांगलं पीक कशामुळे आलं, असं विचारून एकच नाव सांगायला लावलं तर उत्तर चुकणारच.

बेळगाव_वकील

शिक्षेच्या मुद्द्यावर. कायदा विश्व नियत आहे की नाही, हे विचारतच नाही. तो विचारतो, या माणसाकडे त्या क्षणी अमुक क्षमता होती का? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिचीच कलमं सांगतो. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही, कलम २०. सात ते बारा या वयात मुलाची समज पुरेशी पिकली होती का ते बघतात, कलम २१. कलम २२ मनोविकाराचं: कृत्य करतेवेळी त्या विकारामुळे कृत्याचं स्वरूप, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे कळायची क्षमता नव्हती का? इच्छेविरुद्ध किंवा नकळत कुणी नशा करवली असेल तर कलम २३. धाकाखाली केलेल्या कृत्याला कलम ३२, पण त्यात खून आणि देहदंडाची शिक्षा असलेले राज्याविरुद्धचे गुन्हे येत नाहीत.

इथे एक बारकावा आहे जो चर्चेत कामाला येईल. कलम २२ फक्त 'कळत होतं का' विचारतं. 'कळत होतं, पण आवरता आलं नाही' हा बचाव आपल्याकडे स्वतंत्रपणे चालत नाही. मात्र गंभीर आणि अचानक चिथावणीने ताबा सुटला असेल, तर खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर उतरू शकतो, कलम १०१ चा पहिला अपवाद. म्हणजे ताबा सुटण्याला कायदा एका ठिकाणी किंमत देतो, दुसऱ्या ठिकाणी देत नाही. हे सुसंगत आहे का, हा प्रश्न 'चोराला शिक्षा का' यापेक्षा कितीतरी चांगला आहे.

निपाणीकर

वकीलसाहेबांच्या मांडणीने व्यवहार चालतो हे मान्य, पण मूळ प्रश्न तिथेच राहतो. तत्त्वज्ञ गेलन स्ट्रॉसन यांचा युक्तिवाद बघा. मी जे करतो ते माझ्या घडणीमुळे करतो. त्या कृत्याला मी पूर्णपणे जबाबदार असायचा तर त्या घडणीलाही मी जबाबदार असलो पाहिजे. पण घडण बदलायला निघालो तरी ती बदलावीशी वाटणं हे आधीच्या घडणीतूनच येतं. असं मागे मागे जात कुठेतरी माझ्या हातात नसलेल्या गोष्टीवर येऊन थांबावं लागतं. यात जग नियत आहे असं गृहीत धरलेलं नाही, हे लक्षात घ्या. यदृच्छा घातली तरी निष्कर्ष तोच राहतो.

यातून तुरुंग बंद करा असं निघत नाही. समाजाचं रक्षण, सुधारणा, जरब, ही शिक्षेची कारणं उभीच राहतात. पडतं ते फक्त 'त्याला भोगायलाच हवं' हे कारण. माझ्या मते ते पडायलाच हवं. झोपडीत उपाशी वाढलेल्या पोराला आणि भरल्या घरात वाढलेल्याला एकाच तराजूत तोलताना आपण जे समाधान मानतो, त्याला आधार नाही.

लोंढा_जंक्शन

निपाणीकर, 'पूर्णपणे' या शब्दावर तुमचं सगळं उभं आहे. कारणं समजून घेणं, ती पटली तर वागणं बदलणं, ही क्षमता लहान मुलात कमी, मोठ्यात जास्त, व्यसनात घटते, उपचाराने वाढते. जबाबदारीही तेवढ्याच अंशाने. संपूर्ण स्वयंभू कर्ता कुणीच नाही, म्हणून अंशतः जबाबदारही कुणी नाही, हे मला मान्य नाही. पण भरल्या घराची गोष्ट खरी आहे, आणि अंश मोजताना ती धरावीच लागेल.

खानापूरकर, आता दोन तासांचं बघू. सुरुवातीला सगळ्यांना चिठ्ठ्या द्या. त्यावर तीन विधानं, मराठी आणि कन्नड दोन्हीत, आणि पुढे फक्त हो किंवा नाही. 'जगातली प्रत्येक घटना आधीच्या घटनांनी ठरलेली असते.' 'प्रत्येक घटना अशी ठरलेली असेल, तर माणूस आपखुशीने वागू शकत नाही.' 'वाईट कृत्य करणाऱ्याला, कुणाचाही फायदा होत नसला तरी, दुःख व्हायलाच हवं.' नावं नकोत. पाच मिनिटांत मोजून आकडे फळ्यावर लिहा. वाद बहुतेक दुसऱ्या विधानावर निघतो, तरी लोक पहिल्यावर भांडत बसतात. आकडे समोर असले की तिथून हलवता येतं.

मग स्प्रेडशीटला पंचवीस मिनिटं, दाराच्या उदाहरणाला अर्धा तास, श्लोकाला वीस, वकीलसाहेबांच्या बारकाव्याला वीस. उरलेला वेळ मोकळा ठेवा. एकजण फक्त एवढंच बघायला बसवा की 'स्वतंत्र' हा शब्द आला रे आला की बोलणाऱ्याने कुठल्या अर्थाने वापरला ते सांगायचं: अडवणूक नाही या अर्थाने, पर्याय होता या अर्थाने, की विचार करून ठरवलं या अर्थाने. हे काम कॉलेजच्या मुलाकडे द्या, ज्येष्ठांकडे नको. ज्येष्ठ स्वतःच बोलायला लागतात.

खानापूरकर

मनापासून आभार सगळ्यांचे. चिठ्ठ्यांचा कन्नड मजकूर आमच्यातलेच एक सर करून देतील. टिळकवाडीकर सर, एक विचारायचं राहिलं: ०.४ ऐवजी मर्यादा ०.३ ठेवली तर चालेल का? लॅपटॉप जुना आहे, ओळी कमी करता आल्या तर बरं.

टिळकवाडीकर

०.३ ठेवलीत तर बरेच स्तंभ पहिल्या ६० ओळींतच मर्यादा ओलांडतील आणि वगळावे लागतील, हाताशी फार थोडे उरतील. ०.४ च ठेवा. ओळी कमी करायच्या तर ४०० करा. पण मग काही स्तंभ पोचणार नाहीत, म्हणून स्तंभ ४० वरून ६० करा. आणि शनिवारीच आकडे पाडून, चिकटवून, फाइल जपून ठेवा. वर्गात फक्त दोन्ही आलेख शेजारी शेजारी उघडायचे.